सख्खी भाची

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट कळलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पाटीवर गिरवलेलं अक्षर वहीत आलं की ओळ सोडून खाली घसरतं, आणि जोडाक्षर आलं की मी थांबते, दोनदा हवेत काढून बघते, मग लिहिते. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी माफी मागितल्याशिवाय हात पुढे जात नाही, सवयच तशी आहे.

लिहायला बसले त्याला कारण दवाखान्यातली एक मुलगी. मध्यंतरी इथे अमेरिकेत आमच्या राज्याने बेचाळिशीच्या पुढच्या, राहण्याचे कागद नसलेल्या माणसांना दवाखान्याचं कार्ड दिलं होतं. मलाही मिळालं होतं आणि त्याच कार्डावर माझी शुगर सापडली. मग सरकारचे पैसे संपले की मन संपलं, देव जाणे, कार्ड बंद झालं. आता मी चर्चच्या तळघरात शनिवारी दवाखाना भरतो तिथे जाते. तिथे कमाई बघून पैसे घेतात, म्हणून दर वर्षी फॉर्म भरावा लागतो. या खेपेला फॉर्म भरायला एक नागपूरची पोरगी बसली होती, इथे एम.एस. करते, शनिवारी मदतीला येते. मी मराठी बोलते म्हटल्यावर तिचं तोंड उजळलं. "मावशी, घरात किती जण आहेत? आणि त्यांचं तुमच्याशी नातं काय, तेपण लिहायचंय." मी म्हटलं, "एकटीच." ती म्हणाली, "ओके मावशी, मग इझी आहे एकदम," आणि तिने एकचा आकडा लिहिला. घरी येऊन मी चहा ठेवला, तो उतू गेला. याच प्रश्नाला मी एकदा वेगळं उत्तर दिलं होतं. ते इतक्या वर्षांत मी कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून वहीला सांगते.

माझी आई मिरजेला शैलाताईंच्या माहेरी धुणंभांडी करायची. शैलाताई लग्न होऊन अमेरिकेत गेल्या, तेव्हा त्यांच्या लग्नातल्या पंगतीची भांडी मी आणि आईने घासली होती. काही वर्षांनी त्या बाळंतपण झाल्यावर तीन महिन्यांची चिनू घेऊन माहेरी आल्या. चिनू माझ्या खांद्यावर पडली की गप्प व्हायची, दुसऱ्या कोणाकडे राहायची नाही. शैलाताईंना परत जाऊन नोकरी धरायची होती. त्यांच्या आईने माझ्या आईला विचारलं, आईने मला विचारलं, आणि मी मान हलवली. मी सतरा वर्षांची होते. पगार दर महिन्याला मिरजेतच आईच्या हातात पडणार होता. पासपोर्ट झाला, व्हिसाचा अर्ज झाला. अर्जात मी शैलाताईंच्या बहिणीची मुलगी होते, सहा महिने मावशीकडे राहायला निघालेली. असं का लिहिलं ते मला कोणी समजावलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मुंबईच्या विमानतळावर चिनूला मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा शैलाताईंनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाल्या, "मंगल, आता इथून पुढे मला ताई नाही म्हणायचं. मावशी म्हणायचं. आणि तिकडे ह्यांना काका. कुणी विचारलं तर काय सांगशील?"

"तुम्ही माझ्या आईच्या बहीण."

"तुम्ही नाही गं, तू. भाची कधी मावशीला अहो-जाहो करते का? म्हण बघू."

माझी जीभ वळेना. ज्यांच्या साड्या आईने पिळल्या त्यांना तू कसं म्हणायचं? विमान वर गेलं तसे कान दुखायला लागले, आणि मी खिडकीकडे तोंड करून मनातल्या मनात घोकत बसले: मावशी, तू पाणी घेतेस का? मावशी, तू झोपलीस का? मावशी, तुझी शाल देऊ का? चौथीच्या पाढ्यांनंतर मी इतकं काही पाठ केलं नव्हतं. विमान उतरलं तेव्हा माझं पाठांतर पक्कं झालं होतं. पाठ केलेलं नंतर आपलंच वाटायला लागतं, त्याला काय करणार.

शॉमबर्ग गावातलं ते घर दुसऱ्या मजल्यावर होतं, सगळीकडे गालिचा, चालताना पावलांचा आवाजच यायचा नाही. पहिले काही दिवस मला त्याची भीती वाटायची, मागून कोण आलं ते कळायचं नाही. मग हळूहळू त्या घराचे आवाज ओळखीचे झाले. हीटर सुरू होताना आधी टक्क वाजायचं आणि मग कोणीतरी लांब श्वास सोडल्यासारखी गरम हवा यायची. भांडी धुवायचं मशीन होतं, पण मावशी म्हणायची त्याने डाळीची पातेली निघत नाहीत, म्हणून मी भांडी हातानेच घासायची आणि ती मशीनमध्ये निथळत ठेवायची. तेवढ्यापुरतंच ते उपयोगी. सगळ्यात मोठा आवाज छतावरच्या धुराच्या डबीचा. मोहरी तडतडून त्यात मिरच्या पडल्या की ती डबी बोंबलायला लागायची. मग मी स्टुलावर उभी राहून वर्तमानपत्राने वारा घालायची, चिनू पाळण्यात टाळ्या वाजवायची आणि काका आतून ओरडायचे, "मंगल, आज आमटी झणझणीत दिसतेय, फायर ब्रिगेडची पण पानं वाढ!"

काका कॉम्प्युटरवाले. एका मोठ्या कंपनीत होते. बोलायला मोकळे होते. मी दोन दिवस तापाने पडले तर म्हणाले होते, "मंगल, तू आजारी पडू नकोस बाई. तू बंद पडलीस की हे अख्खं घर क्रॅश होतं." क्रॅश म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण माझ्यावाचून काहीतरी मोठं अडतं एवढं कळलं आणि ते मी बरेच दिवस पुरवून पुरवून आठवलं. थंडी पडायच्या आधी त्यांनी मला एक लाल जाड जाकीट आणलं. मावशी म्हणाली, "अहो, सेलमधलं तरी नीट बघून आणायचं, केवढं मोठं झालंय तिला." काका म्हणाले, "वाढेल की ती." मी काही वाढले नाही. बाह्या दोनदा दुमडून मी ते जाकीट वर्षानुवर्षं वापरलं.

सकाळी दोघं कामावर गेली की घर आणि चिनू माझी. मी तिला मेतकूट-भात भरवायची, तिला न्हाऊ घालून टाळूवर तेल जिरवायची, आणि काकांनी भारतातून आणलेले जुने दिवाळी अंक एक-एक अक्षर लावून वाचायची. वाचायला मी तिथेच शिकले म्हणायचं. शनिवारी मराठी मंडळी जमायची, आज या घरी तर पुढच्या वेळी त्या घरी, प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा. मावशीचा पदार्थ मी करायची. पुरणपोळीचा डबा उघडला की बायका म्हणायच्या, "शैला, काय गं, एवढी मऊसूत? माझ्या तर फाटतात यार!" मावशी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायची, "ही आमची मंगल. भाची माझी. हिच्या हाताला चवच वेगळी." मी खाली बघायची. तिचा हात पाठीवरून निघाला तरी तिथे ऊब राहायची. सहा महिने झाले, व्हिसा एकदा वाढवला, तोही संपला. कोणी काही बोललं नाही. चिनू बोलायला लागली होती. तिचा पहिला शब्द मंमं होता आणि तो खाऊसाठी नव्हता, माझ्यासाठी होता.

आता या वयात मला कळतं की मला त्या घरात सुट्टी नव्हती, खोली नव्हती, मी चिनूच्या पाळण्याशेजारी खाली गादी टाकून झोपायची आणि पासपोर्ट काकांच्या कपाटात होता. हल्ली अशा गोष्टींना इथे मोठमोठी नावं आहेत, दवाखान्याच्या भिंतीवर त्यांचे कागद लावलेले असतात, खाली फोन नंबर. मी ते वाचते आणि पुढे सरकते. त्या कागदावर पाठीवरच्या हाताबद्दल काही लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे. मी ओवा चावला, बेंबीत हिंग लावला, काम करत राहिले. मावशीने इनो दिलं. "काल छोले जास्त झाले का गं?" तिने विचारलं, पण तिच्या कपाळावर आठी होती. इथे डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी इन्शुरन्स लागतो, आणि तो मला नाही, हे मला तोवर कळलं होतं. दोघांचा इन्शुरन्स कंपनीचा होता, त्यात चिनू होती. भाची त्यात बसत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तळघरात कपडे धुवायला गेले आणि मशीनला धरून तिथेच खाली बसले. वरच्या मजल्यावरच्या म्हातारीने मला बघितलं, मावशीला फोन लावला. काका ऑफिसातून आले तसे बूट न काढताच आत आले आणि मला उचलून गाडीत घातलं. गाडीत मावशी सारखी म्हणत होती, "आधी का नाही सांगितलंस? एवढं दुखत होतं तर बोलायचं नाही का, मंगे?" मला मंगे फक्त माझी आई म्हणायची.

अपेंडिक्स आत फुटलं होतं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी होते, पोटाला नळी होती, आणि मावशी शेजारी खुर्चीत बसली होती. एक बाई फाईल घेऊन आली. चष्म्याला मण्यांची साखळी, आवाज गोड. ती खर्चाचे कागद बघणारी होती. तिने मावशीला एकेक विचारलं आणि मावशीने ताठ बसून उत्तरं दिली. मला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण शब्द वेचता यायचे. शी इज माय नीस. व्हिजिटिंग अस. वुइ टेक केअर ऑफ हर. शेवटी बाईने काहीतरी हळू विचारलं, तेव्हा मावशीने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "शी इज फॅमिली." आणि बाईने पुढे केलेल्या कागदावर सही केली.

हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहिते. पोट फाडलेलं होतं, घशाला कोरड होती, आणि त्या क्षणी मला जेवढं सुख झालं तेवढं आयुष्यात नंतर कधी झालं नाही. परक्या बाईसमोर, सही करून, तिने मला घरातली म्हटलं. मी डोळे मिटून घेतले. मावशीला वाटलं दुखतंय.

तीन आठवड्यांनी पत्र आलं आणि त्याच्या मागोमाग बिल. तेवीस हजार डॉलर. रविवारी सकाळी मी आत चिनूचे केस विंचरत होते आणि स्वयंपाकघरातून दोघांचे आवाज येत होते.

"सरकारी मदतीचा अर्ज त्यांनीच केला होता, तो रिजेक्ट झालाय," काका म्हणत होते. "व्हिजिटर आहे म्हणून. पाहुण्याला मिळत नाही. आणि फॅमिली सपोर्ट करते म्हणून हॉस्पिटलची सूटपण नाही. तुला कोणी सांगितलं होतं पाहुणी म्हणायला?"

"मग काय म्हणायला हवं होतं? मोलकरीण आहे? व्हिसा संपलाय, तरी घरी कामाला ठेवलीये? आपला ग्रीन कार्डचा अर्ज आत आहे, विसरलात का?"

"विसरलो नाही. पण सही तरी करायची नव्हतीस!"

"समोर पोरगी पडली होती हो. हात कसा आखडता घेऊ?"

नंतर नळ वाहायचा आवाज आला. कोणीतरी नुसताच सोडला असावा. मी चिनूच्या तिसऱ्यांदा वेण्या घातल्या, ती वैतागून म्हणाली, "मंगू, नो!"

त्यानंतरच्या शनिवारी जोगळेकर काकू घरी आल्या. त्या एका दवाखान्यात नर्स होत्या, ठाण्याच्या, बोलायला फटकळ. मावशीने त्यांना सगळं नाही, पण पुष्कळसं सांगितलं असावं, कारण चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "हे बघ शैला, इमर्जन्सीचं बिल सरकार देतं. कागद नसले तरी देतं. वय एकोणीसच्या आत आहे ना हिचं? मग बसतं ते नियमात. पण ती इथे राहते असं सांगायला पाहिजे. फिरायला आलीये म्हटलंस की संपलं. आणि स्वतःची कमाई काय ते सांगायचं. तुझी नाही, तिची. ती तुझ्यावर अवलंबून नाही, कामाला आहे, असं."

"आणि त्यांनी इमिग्रेशनला कळवलं तर?"

"हॉस्पिटलवाले कळवत बसत नाहीत गं, त्यांना बिलाचे पैसे हवेत. पण मी काही वकील नाही, छातीठोक कसं सांगू? तीन महिन्यांच्या आत परत अर्ज करता येतो, एवढं मला माहीत आहे. बघा तुम्ही."

मावशी माझ्याकडे बघत नव्हती. ती बशीतला चिवडा एका बाजूला सारत होती, शेंगदाणे वेगळे, डाळं वेगळं.

जखम दाखवायला मला परत हॉस्पिटलात जायचं होतं. तिथे साखळीच्या चष्म्याची बाई भेटणार होती, तिनेच बोलावलं होतं. पार्किंगमध्ये गाडी थांबवून तिने किल्ली काढली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "मंगल, तुला जे वाटेल ते सांग. मी तुला काही शिकवत नाही." मी म्हटलं, "मावशी, तू काळजी करू नकोस." तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. मी तिला एवढ्या सहज तू म्हटलं होतं, की ते आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही. मला आत्ता लिहिताना आलं.

बाईने मला एकटीलाच आत घेतलं. मावशी चिनूला घेऊन बाहेर बसली, दाराच्या काचेतून चिनूची टोपी दिसत होती. टेबलावर फोन होता. बाईने त्यात काही सांगितलं, थोडा वेळ वाट बघितली, आणि फोनमधून एक बाई चक्क मराठीत बोलायला लागली. लांब कुठेतरी दुसऱ्या राज्यात बसलेली, इकडचं तिकडे समजावून सांगण्याचंच तिचं काम होतं. "नमस्कार ताई. घाबरू नका. मॅडम म्हणताहेत की तुम्ही जे सांगाल ते या खोलीच्या बाहेर जाणार नाही. त्यांना तुमची मदतच करायची आहे." अमेरिकेत आल्यापासून मला कोणी ताई म्हटलं नव्हतं. मला हुंदका आला. फोनमधली बाई थांबली. मग एकेक प्रश्न आले. इथे किती दिवस आहात. परत जायचा विचार आहे का. घरात किती माणसं. तुम्ही घरात काय काम करता. त्याचे पैसे मिळतात का. साखळीवाली बाई पेन हातात धरून माझ्याकडे बघत होती. आता वाटतं, तिला सगळं माहीत होतं. माझे हात बघूनच कळलं असेल, साबणाने साल निघालेले. तिने माझ्यासाठी वाट मोकळी करून ठेवली होती, मी फक्त पाऊल टाकायचं होतं.

"ताई," फोनमधली बाई म्हणाली, "मॅडम विचारताहेत, बाहेर ज्या बसल्यात त्या तुमच्या कोण?"

खरं बोलले असते तर तेवीस हजार तिथेच मिटले असते. हे मला जोगळेकर काकूंनी सांगितल्यामुळे नीट माहीत होतं. शिवाय त्या अर्जावर मिळालं असतं ते सरकारी कार्ड मला एकोणिसाव्या वर्षापर्यंत कामी आलं असतं की नाही, कोण जाणे, पण निदान कुठल्यातरी सरकारी वहीत माझं खरं नाव खऱ्या ओळीवर लिहिलं गेलं असतं. मी काचेतून बघितलं. चिनू मावशीच्या मांडीवरून घसरून दाराशी आली होती आणि काचेला नाक लावून मंमं, मंमं करत होती, आवाज येत नव्हता, ओठ दिसत होते.

मी म्हटलं, "मावशी. मी तिची भाची."

फोनमधल्या बाईने ते तिकडे सांगितलं. बाईने पुन्हा काही विचारलं. "सख्खी का, असं विचारताहेत. आणि तुम्ही फिरायलाच आलात का? विचार करून सांगा ताई, घाई नाही."

"सख्खी," मी म्हटलं. "सख्खी भाची. फिरायला आले."

बाईने पेनाला टोपण लावलं. माझ्या हातावर हात ठेवला, थोडा दाबला, आणि फाईल मिटली.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी त्यांना वाचवलं. त्यांचा अर्ज अडकला असता, काकांची नोकरी गेली असती, खाल्ल्या मिठाला जागले. हे ऐकायला बरं वाटतं. पण वहीत खोटं लिहून काय मिळणार? मी त्यांच्यासाठी बोलले नाही. माझ्यासाठी बोलले. मी त्यांची मोलकरीण आहे, हे माझ्या तोंडून, मराठीत, मोठ्याने निघालं असतं, तर ते खरं झालं असतं. फोनमधल्या बाईने ते इंग्रजीत केलं असतं, साखळीवालीने लिहून घेतलं असतं, आणि मग मी बाहेर जाऊन मावशीला तू कसं म्हणणार होते?

बाहेर आल्यावर मावशीने डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, "भाचीच सांगितलं." तिने मला तिथेच मिठी मारली, टाक्यांची पर्वा न करता. टाके दुखले. त्या दिवशी घरी जाऊन तिने स्वतः साबुदाण्याची खिचडी केली आणि मला पाटावर बसवून वाढली. दोन वर्षांत तिच्या हातचं मी तेवढंच एकदा जेवले. खिचडीचा गोळा झाला होता. मी दोनदा मागून घेतली.

काकांनी हॉस्पिटलशी बोलून बिल कमी करून घेतलं, चौदा हजारांवर आणलं, हप्ते बांधून घेतले. कोणी मला टोचून बोललं नाही. पण खिचडीनंतर घरात काहीतरी बदललं. बिलाचं पाकीट महिन्याच्या महिन्याला यायचं आणि फ्रिजवर चुंबकाखाली असायचं. मी फ्रिज उघडताना ते हलायचं. सात-आठ महिन्यांनी काकांची बदली लांब दुसऱ्या राज्यात, प्लेनोला झाली. तिकडे मोठं घर घेणार होते. मी चिनूचे कपडे लहान-मोठे वेगळे करून खोक्यात भरत होते, तेव्हा मावशी माझ्याशेजारी गालिच्यावर येऊन बसली.

"मंगल, तिकडे चिनूला डे-केअरमध्ये घालायचं ठरलंय. आणि ग्रीन कार्डचं अगदी तोंडावर आलंय, वकील म्हणतात आत्ता घरात काही गुंतागुंत नको." तिने खोक्याची झाकणं सरळ केली. "मिरजेला परत जायचं असेल तर तिकीट काढते. नाहीतर इथे त्या पोळ्यांच्या बाई आहेत, डबे देतात, त्यांना हात हवाच आहे. त्यांच्याकडे राहायचीपण सोय होईल."

मिरजेला माझा भाऊ शिकत होता, आईचे गुडघे गेले होते. मी म्हटलं, "इथेच राहते."

"आणि ते बिल..." तिने माझ्या हातातलं चिनूचं झबलं घेतलं, घडी घातलेलंच होतं, पुन्हा घडी घातली. "म्हणजे आम्ही भरतोच आहोत. पण तुला जमेल तसं, सवडीने, देत गेलीस तर... ह्यांचं म्हणणं आहे. तसा लकडा नाही."

"देईन मावशी," मी म्हटलं.

पासपोर्ट तिने स्वतः आणून माझ्या हातात दिला. गाडी निघाली तेव्हा चिनू मागच्या सीटवर पट्ट्यात बांधलेली होती, झोपलेली. ते एक बरं झालं.

पोळ्यांच्या बाईंकडे मी दिवसाला तीनशे पोळ्या लाटायची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुकानातून मनीऑर्डर घ्यायची, पाकिटावर प्लेनोचा पत्ता इंग्रजीत चित्र काढल्यासारखा काढायची आणि टाकायची. चार-पाच दिवसांनी पोळ्यांच्या बाईंच्या फोनवर मावशीचा फोन यायचा. "पोचले गं मंगल." मग ती विचारायची, जेवलीस का, थंडी आहे का, जाकीट आहे ना. मी विचारायची, चिनू काय करते. कधी ती चिनूच्या हातात फोन द्यायची. आधी आधी ती मंगू म्हणायची. मग हाय म्हणायला लागली. मग एकदा तिने लांबून विचारलेलं मला ऐकू आलं, "हू इज इट, मम्मा?" मावशीने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. तिने फोनवर हात ठेवला होता.

पहिली काही वर्षं मी जोरात फेडत होते. रविवारीही लाटायची, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायची. मग एकदा पोळ्यांच्या बाईंच्या मुलाने हिशेब करून दाखवला की असंच चाललं तर पुढच्या दिवाळीपर्यंत सगळं फिटेल. सगळ्यांना आनंद झाला. माझ्या हातातलं लाटणं मात्र जड झालं. दिवाळीनंतर मावशी कशाला फोन करेल? पुढच्या महिन्यापासून मी निम्मेच पाठवायला लागले. मावशीने विचारलं, "काम कमी झालंय का गं?" मी हो म्हटलं. काम उलट वाढलं होतं. उरलेले पैसे मी मिरजेला पाठवले, भावाच्या कॉलेजला लागले, वाया नाही गेले. पुढे निम्म्याचे पाव केले. एका वर्षात फिटणारं मी चार वर्षं पुरवलं. पोळीचं पीठ कमी पडत असलं की जसं आपण उंडे लहान लहान करत जातो, तसं.

पण उंडे लहान केले तरी परात एक दिवस रिकामी होतेच. शेवटची मनीऑर्डर पाठवली आणि पाच दिवसांनी फोन आला.

"पोचले गं मंगल. झालं हो सगळं. हेपण म्हणत होते, पोरगी शब्दाची पक्की. आता काही राहिलं नाही. तुझ्या जिवावरचं ओझं उतरलं."

"हो मावशी."

"येशील कधी इकडे तर ये."

"हो."

पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा आला. मला काही सुचेना. मी दुकानात गेले, वीस डॉलरची मनीऑर्डर घेतली, पाकिटावर पत्ता काढला आणि टाकून आले. परत येताना स्वतःचीच लाज वाटली. पण फोनची वाट बघितली. सहाव्या दिवशी आला.

"मंगल, अगं, हिशेब तर पूर्ण झाला होता ना? हे वीस कसले?"

"चुकून आले असतील ताई," मी म्हटलं. "तुम्ही राहू द्या."

मग ती म्हणाली, "नाही गं, तुझे कष्टाचे पैसे आहेत. परत पाठवते."

आठ दिवसांनी पाकीट आलं. आत वीस डॉलरचा चेक होता, चिठ्ठी नव्हती. पाकिटावर माझं नाव तिच्या सुंदर अक्षरात होतं. मी ते पाकीट जपून ठेवलं, आणि चेक दुसऱ्या दिवशी पोळ्यांच्या बाईंना देऊन त्याचे पैसे करून घेतले. आता माझ्याकडे तिचं आणि तिच्याकडे माझं काही राहिलं नव्हतं.